थंड चहाची व्हिस्की

कोर्सवाल्यांना आयुष्याकडून आता फार काही नको होतं. मेहुण्याच्या टायरच्या दुकानात बसायची वेळ येऊ नये, एवढंच. बाकी सगळं त्यांनी गिळलं होतं. सिनेमाच्या तिकीटखिडकीत त्यांनी उभी हयात काढली, तिथे एक दिवस मशीन आलं आणि यांना पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवलं, तेही त्यांनी गिळलं. पण मेहुणा काही घशाखाली उतरत नव्हता. "या की जावईबापू दुकानात. हवा भरायला शिक्षण लागत नाही," असं तो दर भेटीत म्हणायचा आणि आपल्याच विनोदावर पोट धरून हसायचा. तो हसला की यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

'कोर्सवाले' हे नाव इमारतीनं दिलेलं. खिडकी गेल्यापासून त्यांनी मोबाइलवर कोर्स करायचा सपाटाच लावला होता. फोटोग्राफीचा झाला, शेअर बाजाराचा झाला, मधमाश्या पाळायचाही झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत मधमाश्या पाळल्या तर शेजारी आपल्याला पाळणार नाहीत, हे प्रमाणपत्र हातात पडल्यावर सुचलं. सगळी प्रमाणपत्रं फ्रेम करून भिंतीला टांगलेली. बायको दवाखान्यात नर्स होती. घर ती चालवायची आणि त्या फ्रेमांवरची धूळही तीच पुसायची.

शेवटी एक दिवस ती म्हणाली, "अहो, हा शेवटचा कोर्स. यातून काही निघालं नाही, तर पुढच्या महिन्यापासून दादाच्या दुकानात जायचं." ती चिडून बोलली असती तर त्यांनी कानाआड केलं असतं. पण ती शांतपणे बोलली, आणि यांनी लगेच मोबाइल उघडून कोर्स शोधायला घेतला.

तो शेवटचा कोर्स निघाला बारटेंडिंगचा. कोर्सवाल्यांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. त्यात तत्त्वबित्त्व काही नाही, ॲसिडिटी. पण जाहिरातीत लिहिलं होतं, 'घरबसल्या बारटेंडर व्हा', आणि घरी बसण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

शिकवणारे सर तिशीतले, दाढीवाले, गॅलिस लावलेले. त्यांचा सगळा भर एकाच शब्दावर होता, तो म्हणजे 'समजा'. बाटलीत व्हिस्की आहे असं समजा. समोर गिऱ्हाईक आहे असं समजा. फ्रिज लहान असेल तर डब्यात बर्फ आहे असं समजा. कोर्सवाले पहिल्यापासूनच समजूतदार. त्यांनी व्हिस्कीच्या जागी थंड चहा घेतला, वाइनच्या जागी बिटाचं पाणी आणि पेय घुसळायचा शेकर म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. गिऱ्हाईक म्हणून आईला खुर्चीत बसवलं.

"तो डबा डोक्यावरून काय फिरवतोस? सांडेल ना," आई म्हणायची. मग घोट घेऊन निकाल द्यायची, "कालच्यापेक्षा बरा झालाय. साखर घाल अजून." ते साखर घालायचे. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा तेच म्हणायची, ते पुन्हा घालायचे. गिऱ्हाइकाचं मन राखावं, हे सरांनी पहिल्याच धड्यात सांगितलं होतं.

परीक्षेसाठी व्हिडिओ पाठवायचा होता. कोर्सवाल्यांनी ग्लासाच्या काठाला लिंबाची चकती लावली, खांद्यावर पांढरा टॉवेल टाकला आणि डबा असा काही फिरवला की आईनं डोळे मिटून घेतले. पहिल्या श्रेणीत पास. शेऱ्यात लिहून आलं, 'चव उत्कृष्ट'. मोबाइलवरून चव कळली कशी, हा प्रश्न आईला पडला. कोर्सवाल्यांना पडला नाही.

बाजारामागच्या एका हॉटेलातल्या बारला माणूस हवा होता. तिथल्या मॅनेजर बाईंनी प्रमाणपत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाल्या, "आज संध्याकाळी उभे राहा. जमलं तर उद्यापासून या."

कोर्सवाले काळं जाकीट घालून काउंटरमागे उभे राहिले. तिकीटखिडकीत मध्ये काच असायची आणि लोकांचा नुसता हात आत यायचा. इथे अख्खी माणसं अंगावर येत होती. त्यातला पहिला स्टुलावर बसला आणि म्हणाला, "नेहमीचं."

कोर्सवाल्यांनी डोक्यातल्या डोक्यात सगळे धडे चाळले. या नावाचं पेय कुठेच नव्हतं.

"त्यात काय काय येतं?" त्यांनी अदबीनं विचारलं.

"कशात?"

"नेहमीच्यात."

त्या माणसानं मॅनेजर बाईंकडे पाहिलं. मॅनेजर बाई लांबूनच ओरडल्या, "अहो, बिअर द्या त्यांना!" आता बिअर कोर्समध्ये नव्हती. बाटली उघडून ओतण्यात शिकवायचं काय, असं सर म्हणाले होते. कोर्सवाल्यांनी हात उंच नेऊन ऐटीत धार सोडली. ग्लासात घोटभर बिअर आणि वीतभर फेस झाला.

"मला दाढी नव्हती करायची," गिऱ्हाईक म्हणालं.

मग तीन मैत्रिणी आल्या आणि त्यातल्या एकीनं कॉकटेल मागवलं. कोर्सवाल्यांच्या जिवात जीव आला. त्यांनी खराखुरा शेकर घेतला, त्यात खराखुरा बर्फ घातला आणि तो डोक्यावरून, पाठीमागून, बगलेतून फिरवला. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. मग ते झाकण काढायला गेले, तर झाकण निघेना. बर्फानं गार पडलं की शेकरचं झाकण आवळून बसतं, हे ज्यानं कधी बर्फ घातलाय त्यालाच ठाऊक. यांनी ओढून पाहिलं, पिळून पाहिलं, शेवटी गुडघ्यांत धरलं. टाळ्या थांबल्या आणि व्हिडिओ काढायला मोबाइल वर आले. मॅनेजर बाईंनी येऊन तळव्यानं कडेला एक टपली मारली, झाकण निघालं. त्यांनी चमचाभर चाखून बघितलं आणि डोळे बारीक केले.

"काका, साखर किती घातलीत?"

"घरी एवढीच आवडते."

बाईंनी ग्लास बाजूला ठेवला. "तुमचं दिसतं फार छान हो. पण लोकांना ते प्यायचंही असतं. उद्या नका येऊ."

सकाळी बायकोला चेहऱ्यावरूनच कळलं. ड्यूटीवर निघताना चपला घालता घालता म्हणाली, "दादाला काय सांगू?" कोर्सवाल्यांच्या डोळ्यांसमोर मेहुणा उभा राहिला, हसणारा. त्यांनी तिरीमिरीत सरांना फोन लावला.

"सर, तुम्ही मला तोंडघशी पाडलंत! भर बारमध्ये शोभा झाली माझी!"

"एक मिनिट," सर म्हणाले. "तुम्ही बारमध्ये गेलात? खऱ्या?"

"मग कुठे जाणार?"

"नाही म्हणजे, आमच्याकडून आजवर कोणी गेलं नव्हतं हो."

"आणि तुम्ही? तुम्ही कुठल्या बारमध्ये होता?"

"मी पूर्वी गिटार शिकवायचो. तेही ऑनलाइनच." सरांना याचं काही वाटलं नाही. उलट त्यांचा आवाज एकदम गोड झाला. "काका, बारमध्ये काम केलेला माणूस आम्ही कधीपासून शोधतोय. आमच्याकडे शिकवायला याल?"

फसवल्या गेलेल्या माणसाला आधी राग येतो. यांनाही आला होता, पण नोकरी समोर दिसताच तो कुठल्या कुठे पळाला.

नव्या जाहिरातीत काळ्या जाकिटातला त्यांचा फोटो आला आणि खाली लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष बारचा दांडगा अनुभव'. मेहुण्यानं ती पाहून आपणहून फोन केला. "मानलं बुवा जावईबापू तुम्हाला!" कोर्सवाल्यांनी हे वाक्य स्पीकरवर बायकोला ऐकवलं, आणि ऐकू आलं नाही असं सांगून मेहुण्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

पहिला तास फुकट होता, आवडलं तर नाव नोंदवायचं. स्वयंपाकघरातल्या ओट्याशी कोर्सवाले उभे राहिले आणि पडद्यावर पंधरावीस चेहरे उगवले. थंड चहाची व्हिस्की झाली, डबा फिरवून झाला. मग एका माणसानं हात वर केला. पन्नाशीचा होता, क्लाससाठी इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

"सर, मी छापखान्यात होतो. तो बंद पडला. दोन मुली शिकतायत. हे शिकलो तर काम मिळेल ना? खरं सांगा सर, माझ्याकडे आता पुन्हा चुकायला वेळ नाही."

कोर्सवाल्यांच्या हातातला डबा थांबला. खरं उत्तर त्या पडद्यावर फक्त त्यांना माहीत होतं.

"का नाही मिळणार?" ते म्हणाले. "मलाच बघा ना."

बायको दवाखान्यातून येऊन मागे जेवत बसली होती. तिचा घास हातातच राहिला. क्लास संपल्यावर ती म्हणाली, "त्याला खरं का नाही सांगितलंत?"

"मला कुठे कोणी सांगितलं होतं?"

"म्हणूनच तुम्ही सांगायचं होतं."

तेवढ्यात ओट्यावरचा मोबाइल वाजला. छापखानेवाल्यानं नाव नोंदवलं होतं.