दगडाच्या डोळ्यांची तपासणी

आमचे हे डोळ्यांचे डॉक्टर. इथे इंग्लंडात, श्रूजबरीत अर्ध्या गावाचे डोळे तपासून रिटायर झाले आणि आता मला ‘काकू’ म्हणतात, अहो-जाहो करतात. मी चिडते, पण भांडायलाही नवरा ओळखीचा लागतो.

त्या हिवाळ्यात मी चित्रकलेच्या क्लासला जायचे. आमच्या टीचरने म्युझियममध्ये वेळ ठरवून दिली. दोन शतकांपूर्वीच्या कुणा चित्रकाराने रोमला जाऊन जुन्या पुतळ्यांवरून केलेली पेन्सिलीची अभ्यासचित्रं बघायची होती. घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून ह्यांनाही नेलं.

तिथल्या मुलीने टेबलावर कागद मांडले. एकाच तरुणाचं डोकं, तीन बाजूंनी. ओठ असे, की आता श्वास घेईल. डोळे मात्र कोरे. दगडाला बुबुळं नव्हती, म्हणून त्या प्रामाणिक माणसाने काढलीच नव्हती. मला ते बघवेना.

ह्यांनी खुर्ची पुढे ओढली. कागदासमोर बोट धरून डावीकडून उजवीकडे नेलं, पेशंटसमोर नेत असत तसं. पुन्हा नेलं. मग बोट मध्येच थांबलं.

“काकू, याला दिसत नाही,” हे हळूच म्हणाले. “पण कोणीतरी आलंय, हे कळतंय त्याला.”

“इज एव्हरीथिंग ओके?” मुलीने मला विचारलं. मी मान डोलावली. मला भीती वाटत होती, त्या चित्राची आणि ह्यांचीही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनाच समोर बसवून चेहरा काढायला घेतला. कपाळ जमलं, हट्टी हनुवटी जमली. डोळ्यांशी आले आणि पेन्सिल अडली. ह्यांची नजर भिंतीवरून जावी तशी माझ्यावरून निघून जायची. ती मला कागदावर नको होती. डोळे कोरेच ठेवून मी चहा टाकायला उठले.

कप घेऊन आले, तर हे माझ्या खुर्चीत बसून चित्रावर वाकलेले. दोन्ही बुबुळं काढून झाली होती. एरवी ह्यांचा हात थरथरतो, पण बुबुळं नेमकी होती आणि थेट माझ्याकडे बघत होती. मी दाराकडून खिडकीपाशी गेले, तरी बघतच होती. ह्या घरात कितीतरी दिवसांनी माझ्याकडे कुणी असं बघत होतं.

हे उठले आणि अदबीने मला खुर्ची दिली.

“या गृहस्थांना आता दिसतंय,” म्हणाले. “विचारा त्यांना. ते ओळखतील तुम्हाला.”