मावशीला फर्मान चालत नाही

माझ्या मावशीइतकं आज्ञाधारक माणूस अख्ख्या टिटवाळ्यात सापडायचं नाही. फक्त तिला आज्ञा करणाऱ्याची पुरती दमछाक व्हायची. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत जन्मभर आदेशांचे मसुदे लिहून निवृत्त झालेली बाई. दुपारी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, समोरच्या डोंगरावरून ढगाची सावली सरकताना बघत, अर्धे डोळे मिटून मला सांगायची, "अरे, हुकूम तोंडीही चालतो. आदेशाला सही लागते, कारण लागतं. फर्मान म्हणजे नुसतं बादशहाच्या मनात आलं! बादशहा गेले, पण फर्मानं सुटतात बघ अजून घरोघर." चहा निवून जायचा, तिचं चालूच. त्या आवाजात मलाही गुंगी यायची, खोटं कशाला बोलू!

सोसायटीने जिन्यात 'उद्या पाणी येणार नाही' असा कागद लावला, तर हिने त्यावर लाल शाईने शेरा मारला, 'कारण नमूद करावे.' बिचारे सेक्रेटरी गुडघे धरत तीन जिने चढून आले आणि मोटार जळाल्याचं सांगून गेले. मावशीने त्यांना लाडू दिला आणि "एवढं लिहायला काय झालं होतं?" म्हणून वर दमही दिला. डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं, त्यांच्याकडूनही हिने कारण लिहून घेतलं. त्या दिवसापासून साखरेच्या डब्याला हात नाही! म्हणून म्हणतो, आज्ञाधारक.

गेल्या वर्षी तिच्या ठाण्यातल्या मुलाचा मेसेज आला, 'आई, रविवारी टेम्पो पाठवतोय. सामान बांध. आता इथेच राहायचं.' मावशीने मोबाइल माझ्यापुढे धरला. "बघ, पोटच्या पोराचं फर्मान! मी नाही जायची." टिटवाळ्याचं घर तिने आणि काकांनी मिळून घेतलेलं, काका तिथेच गेले. मला तिचं पटत होतं, आणि तिथे ती एकटी असते याची धास्तीही वाटत होती. शेवटी मीच मुलाला फोन लावला. "अरे, कारण लिहून दे तिला."

"दादा, आता आईलाही अर्ज करू का?" तो उखडलाच.

पण शनिवारी कागद घेऊन स्वतः आला. वर 'विषय' वगैरे व्यवस्थित होतं, कारणापाशी मात्र अक्षर पार बिघडलेलं. मावशीने चष्मा लावून वाचलं, 'परवा तू फोन उचलला नाहीस. मी निघालो, तर शहाडला गाडी अडकली. तुझा फोन येईपर्यंतच्या त्या वीस मिनिटांत मी तुझ्याशिवायचं सगळं आयुष्य जगून आलो. भीती वाटते गं आई.'

तिने कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाली, "पोरगं एवढं घाबरलेलं, आणि मी रागावत बसले." उठून तिने भिंतीवरचा काकांचा फोटो उतरवला, पदराने पुसला आणि साडीत गुंडाळला.

आता ती ठाण्यात, अकराव्या मजल्यावर असते. समोर नुसत्या इमारती. परवा गेलो तर खिडकीशी बसलेली. म्हटलं, "मावशी, इथून काय दिसतं गं?"

"संध्याकाळी त्याची गाडी फाटकातून आत वळताना दिसते," ती म्हणाली, आणि पुन्हा बाहेर बघत राहिली. तेव्हा दुपारचे तीनच वाजले होते.