ओटीचं बोलावणं

अशी जवळ येऊन बस वं, पोरी. आधी थोडी बोलणी खा. परवा फोनवर काय म्हणालीस? "आत्या, रविवारी अकराच्या बसनं आम्ही तिघं प्रताप नगरात तुझ्या घरी येतो." बुटीबोरीच्या कारखान्यात कापड तपासतेस तू, धाग्यातली बारीक गाठ तुझ्या नजरेतून सुटत नाही, आणि वार, वेळ, माणसं सगळं एका दमात सांगून मोकळी झालीस? काहून सांगितलंस? तेही मला?

मी "नको येऊ" म्हटलं आणि फोन ठेवला. तुला लागलं असणार. म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंत, बाकीचं वाचणं पेपरावर शिकले. तेव्हा जसं बोलते तसंच लिहिते. ओटीच्या त्या दिवसाचं तुझ्या बाजूचं मला माहीत आहे. माझ्या बाजूचं तुला मी कधी धड सांगितलंच नाही.

तू बौद्धाच्या मुलाशी कोर्टात लग्न केलंस, तेव्हापासून दोन वर्षं तुझ्या बापानं, माझ्या धाकट्या भावानं, तुझं नाव घेतलं नव्हतं. मग एका दुपारी तो माझ्या दारात आला आणि पाणीसुद्धा न पिता रडायलाच लागला.

"बाई, पोरीले सातवा महिना लागला म्हणे. माहेरची ओटी नाही भरली त् मी कायचा बाप? तू जाऊन बोलाव. तुह्यावरच तिचा इस्वास हाय."

"आन् जावई?"

"त्यालेही आण. कपडे घेऊन ठेवले त्याच्यासाठी."

मी हुरळले. किती दिवस याचीच वाट पाहत होते! मग त्यानं विचारलं, कोणत्या दिवशी येणार, कोणत्या बसनं, जावयाकडचं आणखी कोणी सोबत आहे का. मी उत्साहानं वार, बस तिथल्या तिथं ठरवून सगळं सांगितलं. त्याच्याकडची माणसं कोणी येणार नाहीत, तो एकटाच येईल, हेही सांगितलं. मला वाटलं, ताटं किती लागतील ते पाहतोय.

दुसऱ्या दिवशी कोराडीला तुझ्या सासरी गेले. वीज केंद्राच्या कॉलनीतलं ते क्वार्टर, खिडकीच्या गजांवर राखेचा थर. तुझ्या सासूनं चहा पुढे केला. "आताच घेऊन निघाले," मी म्हटलं. खोटं होतं वं. सकाळपासून चहाचा घोट पोटात नव्हता. भावाला शहाणं करायला निघालेली मी, आणि माझाच हात त्या कपाकडे जाईना. ती बाई कप उचलून आत घेऊन गेली.

मग मी तुझ्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर सुपारी ठेवली. आपल्यात असं बोलावणं म्हणजे शब्द दिल्यासारखं. तू सुपारी मुठीत धरून म्हणालीस, "आत्या, माह्या तोंडाकडं पाहून सांग. खरंच ना?"

"मी हाय ना," मी म्हटलं.

पुढचं तू भोगलंस. तरी माझ्या डोळ्यांना काय दिसलं ते ऐक. भावाच्या ओसरीवर मी तुझ्या ओटीत तांदूळ घालत होते आणि वहिनीच्या हातातला नारळ थरथरत होता. मी थट्टा केली, "काय वं, आजी होऊन राहिली त् आताच हात कापून राहिले का तुहे?" ती हसली नाही. अंगणात तुझा भाऊ म्हणत होता, "चला ना जावईबापू, वावर दाखवतो तुम्हाले."

थोड्या वेळानं गोठ्यामागून ओरडणं आलं. तू तशीच उठलीस, पदर सुटला, तांदूळ ओसरीभर झाले. मी मागे निघाले तर वहिनीनं माझा दंड धरला. "जाऊ नका बाई, तुमच्या भावाची शपथ हाय." तिला माहीत होतं. मी दंड सोडवला, पण किती वेळानं, ते मला आजही सांगता येत नाही. पोचले तेव्हा काठ्या थांबल्या होत्या आणि तू पोट सांभाळत त्याच्या अंगावर वाकली होतीस. भाऊ बाजूला उभा होता. त्याच्या हातात काठी नव्हती. तोंडात 'पुरे' हा शब्दही नव्हता.

दवाखान्यात तुझ्या सासूला मी सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का?"

"नव्हतं हो."

"मग विचारलं काहून नाही, बसचा टाइम त्याले कायले पाहिजे म्हणून?"

थर्मासातला चहा झाकणात ओतून ती एकटीच प्यायली. मला विचारलं नाही. बरोबरच केलं.

ठाण्यात मी भावाच्या आणि भाच्याच्या विरोधात जबाब दिला, खाली सही केली. तेव्हापासून दोन भाऊबीजा गेल्या, कोणाला ओवाळलं नाही. नातेवाईक म्हणतात, सख्ख्या भावाला कोर्टात उभं केलं. आधी आडनाव ऐकून तुम्हाला भाड्याची खोली नाकारणारे घरमालक होते. मार खाल्ल्यावर "आमच्या घरी लफडं नको" म्हणून सामान काढायला लावणारे निघाले. जावयाचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. लेकीला तो डाव्या हातानंच उचलतो, हे मी फोटोत पाहिलं.

आता का लिहिते ते सांगते. तुझ्या फोनच्या आदल्या दिवशी भावाचा फोन आला होता. जामिनावर बाहेर आहे. आवाज एकदम मऊ.

"बाई, नात कशी हाय गं? पोरगी येते का तुह्याकडं? कोणत्या वारी येते?"

तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं, म्हणून सुटले. दुसऱ्या दिवशी तू वार सांगितलास आणि मला धडकी भरली. माझं तोंड तुला ठाऊक आहे. पोटात काही राहत नाही. कोणी गोड बोललं की मी अख्खी उलगडते. आपल्या केसच्या वकीलबाईंना भावाच्या त्या फोनचं सांगून ठेवलं आहे. कदाचित नातीसाठी त्याचा जीव खरंच तुटत असेल. भाऊ आहे माझा, मलाही तसंच वाटून घ्यायचं आहे. पण मागच्या वेळीही मला तसंच वाटलं होतं.

म्हणून या खेपेला कुंकू नाही, सुपारी नाही, शब्दही देत नाही. मी घरीच असते. तुझ्या सासूबाईंना यायचं असेल तर त्यांनाही आण. माझ्याकडचा चहा घ्यायचा की नाही, ती त्यांची मर्जी. छोटीला दात आले म्हणे. लवकर ये वं, माय. फक्त कधी येणार ते मला सांगू नको.