डावखुरा

अमेरिकेत, बेलव्ह्यूमधल्या आमच्या घराला रंग देणं चालू आहे. टर्पेंटाइनच्या वासाने आज मेन राज्याच्या किनाऱ्यावरची कुंदामावशीची कार्यशाळा आठवली. मावशी तिथल्या मच्छीमारांची चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापायची. मी वार्ताहर होतो, तिच्यावर लेख लिहायला गेलो होतो.

त्या दुपारी एलन नावाची बाई आली. तिचा नवरा हिवाळ्यात बोटीसह बुडाला होता. मृतदेह सापडला नव्हता. मावशीने त्याचं दोर ओढतानाचं चित्र तिच्यापुढे ठेवलं.

एलन बराच वेळ पाहत राहिली. "हा तो नाही. तो डावखुरा होता."

मावशीचा चेहरा उतरला. छापताना चित्राचं डावं-उजवं उलटं होतं, आणि कोरताना ती नेमकं तेच विसरली होती.

"पत्र्यावर तो बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग मला पत्रा दाखव."

मावशी जागची हलली नाही. मला मराठीत म्हणाली, "अरे, कालच प्लेट कॅन्सल केली मी."

ठरलेल्या प्रती निघाल्या की पुन्हा कोणी छापू नये म्हणून पत्र्यावर काट मारायची, हा या कामातला रिवाज.

शेवटी तिने पत्रा आणला. माणूस डाव्या हाताने दोर ओढत होता. त्याच्या छातीवरून दोन खोल रेघा गेल्या होत्या. एलनने त्यांवरून अंगठा फिरवला.

"या निघतील?"

"नाही."

एलन पत्रा कोटाखाली धरून निघून गेली. चित्रकर्तीने विधवेला पत्रा भेट दिला, असं मी लेखात लिहिलं. जागा कमी पडत होती, म्हणून 'या निघतील?' या एलनच्या प्रश्नावर मीच काट मारली.