बाणाच्या उलट ठेवलेला तुकडा

दगडांच्या कोठारात अठ्ठावीस वर्षं काम करून मावशींनी एकाही तुकड्याची जागा चुकवली नव्हती. घरी सून चेष्टा करायची, की आमच्या सासूबाई चमचेसुद्धा क्रमानं लावतात. आणि निवृत्तीला आठच दिवस उरलेले असताना त्यांच्याच हातून अख्खी पेटी निसटली! जमिनीत खोल भोक पाडून काढलेले ते मनगटाएवढे जाड, गोल दांड्यांसारखे दगड फरशीभर घरंगळले. इतक्या वर्षांचं नाव, आणि जाता जाता असा बट्टा?

पण हातपाय गाळणाऱ्यातल्या त्या नव्हत्याच. फरशीवर बसकण मारून मोडलेली टोकं जुळवत त्यांनी तुकडे लावायला घेतले. प्रत्येकावर कोठाराच्या भूगर्भशास्त्रज्ञ साहेबांनी पांढऱ्या पेन्सिलीनं बाण काढलेला, वरची बाजू दाखवणारा. बाण काढायचा मान फक्त साहेबांचा. मावशींनी ती पेन्सिल कधी हातातसुद्धा घेतली नव्हती.

घोडं अडलं शेवटच्या तुकड्यापाशी. एकच जागा उरल्यानं त्याची जागा कळली, पण दोन्ही टोकं करवतीनं सपाट कापलेली, मग वर कुठलं आणि खाली कुठलं? बाण एक सांगत होता, दगड भलतंच. साहेबांनीच मागे समजावलं होतं, की जमिनीखाली वितळलेल्या खडकाचं तळं हजारो वर्षं हळूहळू निवत गेलं. आधी जड, काळे स्फटिक तयार होऊन तळाशी बसले, मग हलके, पांढुरके त्यांच्यावर साचले. वितळलेल्या खडकाचा नवा रस आला की पुन्हा काळ्यापासून सुरुवात. मावशींना ते तेव्हाच पटलं होतं. तांदूळ धुताना खडे तळाशीच जातात की! म्हणजे प्रत्येक थर खाली काळा, वर फिकट. इथे बाणाचं ऐकलं तर काळं वर येत होतं.

मावशींनी तुकडा बाणाच्या उलट ठेवला आणि पेटी पडल्याचं साहेबांना स्वतःच जाऊन सांगितलं.

साहेब भिंग घेऊन आले. एकेक तुकडा बघत शेवटच्यापाशी थांबले.

"मावशी, हा उलटा ठेवलाय तुम्ही."

"बाण तुम्ही काढलाय, साहेब. थर दगडानं काढलेत."

साहेबांनी वाकून थरांवर भिंग धरलं. त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी ओल्या रुमालानं आपला बाण पुसला आणि पेन्सिल मावशींच्या हातात दिली. मावशींनी पहिल्यांदाच बाण काढला, तो जरा वाकडाच आला. चालेल का, त्यांनी विचारलं.

"दिशा बरोबर आहे," साहेब म्हणाले.