पाहिल्याचा शेरा

पुएर्तो आल्मेंद्रोच्या नगरपालिकेतली जुन्या कागदांची खोली ब्रिहिदाच्या ताब्यात येऊन सत्तावीस वर्षं झाली होती. आत येणाऱ्या प्रत्येकाला तिची एकच ताकीद असायची: कागदावर काही लिहायचं नाही, पेन्सिलीनेही नाही. तशी सूचनाच तिने दारावर स्वतःच्या अक्षरात लावली होती. शिपाई कान्तालिसिओने एकदा गठ्ठ्याच्या वेष्टनावर फोन नंबर टिपून घेतला, तर आठवडाभर तिने त्याच्या हातचा तेरेरे घेतला नाही. जिथे सगळी कचेरी एकाच भांड्यातून, एकाच नळीने तो गार काढा पिते, तिथे ही शिक्षा साधी नव्हती.

घरी बहीण निमिया म्हणायची, "तुझ्या त्या मेलेल्यांना सांग, एक दिवस येऊन भांडी घासा म्हणावं." ब्रिहिदाला गठ्ठ्यांचे नंबर पाठ नव्हते, माणसं पाठ होती. विहिरीवरून भांडणारे दोघे भाऊ, शाळेसाठी घंटा मागणारा मास्तर, आणि धुणं धुणारी पाउलिना.

पाउलिनाचा अर्ज १९२३ सालचा. कुणाकडून तरी लिहून घेतलेला, खाली अंगठा. मुलगा जूनमध्ये नदीत बुडाला, तरी सैन्यभरतीच्या यादीत त्याचं नाव आहे. दर महिन्याला शिपाई दारात उभे राहून त्याला हाक मारतात. ते नाव काढावं. त्या काळी कारकून अर्जाच्या समासात 'पाहिले' असा शेरा मारायचा आणि मगच अर्ज पुढे सरकायचा. पाउलिनाच्या अर्जाचा समास कोरा होता.

स्वतःच्या आईला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी ब्रिहिदा कामावर आली. नेमका पाउलिनाच्या अर्जाचाच गठ्ठा झटकायला निघाला. तिने अर्ज पुन्हा वाचला, आणि कोऱ्या समासात पेन्सिलीने लिहिलं, 'पाहिले'. मग गठ्ठा बांधला आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला येणाऱ्या बायकांसाठी चिपाचे छोटे पाव भाजायला घरी गेली.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. आता राजधानीतून फ्रेतेस नावाचे अधिकारी आले होते. निवडक कागद ते आसुन्सिओनला नेणार, तिथे त्यांचे फोटो निघणार आणि ते सगळ्यांना वाचता येणार. दुपारी पाउलिनाच्या अर्जाशी ते अडले. त्यांनी भिंग लावलं.

"हा शेरा त्या काळचा नाही. मागाहून कुणीतरी घुसडलाय."

अशा संशयित कागदाला संग्रहात जागा नसते, असं सांगून त्यांनी अर्ज वगळायच्या ढिगावर ठेवला. कान्तालिसिओने सावरून घेतलं. आधीच्या कारकुनाचं काम असेल, म्हणाला, तो वारला, त्याला काय विचारणार? ब्रिहिदाने मान डोलावली असती तर विषय तिथेच संपला असता. अर्जही त्या ढिगावरच राहिला असता.

"तो शेरा माझा आहे," ती म्हणाली.

फ्रेतेसांनी दाराकडे पाहिलं. "आणि ती सूचना?"

"तीही माझीच."

कान्तालिसिओने तोंडातली नळी काढली. "आणि मला मात्र आठवडाभर वाळीत टाकलं होतं."

फ्रेतेस म्हणाले, खोडून टाकू. ब्रिहिदाने कागद उजेडाकडे धरून दाखवला. समास इतका विरला होता की रबर लावताच फाटला असता.

"माझी तक्रार खुशाल करा, साहेब. पण बाईला बाहेर ठेवू नका. ती शंभर वर्षं बाहेरच उभी आहे."

तक्रार तर करावीच लागेल, फ्रेतेस म्हणाले. मग बराच वेळ भिंग पुसत बसले. शेवटी त्यांनी कोरी चिठ्ठी मागवली. मागाहून झालेला फेरफार चिठ्ठीवर नोंदला आणि चिठ्ठी कागदाला जोडली, तर कागद नेता येतो. कोणतं पान, काय लिहिलं, कुणी, केव्हा, हे ब्रिहिदाने भराभर भरलं. 'कारण' या शब्दापाशी ती थांबली. भांड्यातला बर्फ वितळला तरी तिचं पेन हलेना. मग तिने लिहिलं, 'कुणी पाहिले नव्हते.'

चिठ्ठीवर अधिकाऱ्याचा शेरा लागतो. फ्रेतेसांनी वाचलं, पेन उघडलं, समासात लिहिलं, 'पाहिले', आणि खाली तारीख घालून सही केली.

पाउलिनाचा अर्ज चिठ्ठीसकट आसुन्सिओनला गेला. दोन महिन्यांनी ब्रिहिदाच्या नावाने लेखी ताकीद आली. तिने ती दोनदा वाचली आणि त्या वर्षाच्या गठ्ठ्यात तारखेप्रमाणे लावली. समासात काही लिहिलं नाही.