अकोल्याची ताई

संत्र्याची बाग तोडली ती उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीया झाल्यावर लगेच. विहीर आदल्या वर्षीच तळाला गेली होती आणि नंतर घेतलेल्या बोअर कोरड्या निघाल्या. झाडं शेंड्याकडून वाळत आली. बाबांनी जेसीबी बोलावून ती मुळासकट काढून घेतली. लाकूड वीटभट्टीवाल्यानं नेलं. पहिल्या पावसानंतर त्या जमिनीत तूर पेरली. शेत चांदूर बाजार तालुक्यात आहे. त्या वर्षी आसपासच्या अनेक बागा अशाच गेल्या. मी अमरावतीला एका दैनिकात बातमीदार होते. त्या बागांची बातमी मीच लिहिली. तीत आमच्या बागेचा उल्लेख नव्हता.

धाकटा भाऊ तेव्हा जर्मनीत नोकरीला होता. त्याला काही कळवायचं नाही, हे आईनं ठरवलं. त्यात नवीन काही नव्हतं. आमच्या घरात दूर असलेल्या माणसाला वाईट बातमी सांगत नाहीत. तो घरी येतो, हातपाय धुतो, जेवतो, मग सांगतात. आत्या गेली ते मला परीक्षा संपवून घरी आल्यावर, जेवणाचं ताट उचलल्यावर कळलं होतं.

भाऊ दर रविवारी आईला फोन करायचा आणि अधूनमधून मला. आईला तो तिकडच्या थंडीबद्दल सांगायचा. बाकीचं मला. लहानपणापासून तशीच पद्धत होती. पावसाळ्याच्या सुरुवातीला तो म्हणाला, "ताई, मले झोप येऊन नाही राहिली." पुढचे काही फोन याच विषयावर झाले. मग एक दिवस त्याचा आवाज मोकळा होता.

"एक बाई भेटली. आपल्याकडच्या, परदेशात राहणाऱ्या माणसांशी बोलते. समुपदेशन. व्हिडिओवर. अन् बसते कुठं, माहीत हाय? अकोल्याले."

"डॉक्टर आहे का?"

"डॉक्टर नाही. शिकली हाय त्यातलं. पहिल्याच दिवशी म्हणे, वऱ्हाडीत बोल, रडायचं असन तर रड. मी जर्मनीत बसून अकोल्याच्या बाईसमोर रडलो. हसू नको."

"नाही हसत."

"तिले मी ताईच म्हणतो."

यावर मी त्याला तिकडे पाऊस आहे का, ते विचारलं.

मला मत्सर वाटला. दुसरा शब्द नाही. ताई हा त्याच्या तोंडी फक्त माझ्यासाठी असलेला शब्द होता. शिवाय त्या काळात माझं काम शेतकऱ्यांच्या घराघरांत जाण्याचं होतं, आणि बहुतेक घरांत कोणीतरी नुकतंच जीव देऊन गेलेलं असायचं. अंगणात बसायचं, विचारायचं, लिहून घ्यायचं, शेवटच्या बसनं परत यायचं, मजकूर द्यायचा आणि खानावळ बंद व्हायच्या आत जेवायचं. भावाचं ऐकून घेण्यासाठी दर मंगळवारी एक माणूस वेळ राखून बसत होतं. माझ्यासाठी तशी सोय नव्हती आणि ती असावी असं तोपर्यंत सुचलंही नव्हतं.

त्याचे मला येणारे फोन कमी झाले. जे आले त्यांत तो मध्येच थांबून म्हणायचा, "ते झालं बोलून ताईजवळ." आणि विषय संपायचा.

तिनं त्याला झोपेसाठी एक उपाय दिला होता, तो मात्र त्यानं मला सांगितला. डोळे मिटायचे आणि आवडत्या जागी जायचं. त्यानं बाग निवडली होती.

"फाटकातून शिरतो. ओळीओळीनं विहिरीपर्यंत जातो. जंबेरीपाशी थांबतो. तिथवर गेलो का झोप लागते."

संत्र्याची कलमं जंबेरी या आंबट लिंबाच्या खुंटावर बांधतात. विहिरीजवळच्या झाडाला बुडातून खुंटाचाच फांटा फुटला होता आणि एका अंगाला जाड सालीच्या जंबेऱ्या लागायच्या. असले फांटे छाटून टाकायचे असतात. मी शाळेत असताना बाबा कात्री घेऊन गेले, तेव्हा मी झाडाला धरून उभी राहिले, म्हणून तो राहिला. आईचं लोणचं त्याच जंबेऱ्यांचं असायचं. आता अकोल्यातल्या एका अनोळखी बाईला ते झाड माहीत होतं. भावानं तिला झाडाची गोष्ट माझ्यासकट सांगितली की मला वगळून, हे मी विचारलं नाही. बाग नाही, हेही सांगितलं नाही.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. "आंबिया बहाराची संत्री पिवळी पडली असतील ना? बागेचा व्हिडिओ पाठव. ताईले दाखवतो."

मी गावी जाऊन हे आईबाबांना सांगितलं.

"मामाच्या बागेचा पाठवू," आई म्हणाली. मामाचं शेत वरुडकडे, तिथं पाणी टिकून होतं.

"त्याले समजन," बाबा म्हणाले.

"मोबाइलात काय समजते? झाडं झाडासारखीच असतात. तुमाले तर समोर ठेवलेला चष्मा दिसत नाही."

मी म्हटलं, खरं सांगून टाकू.

"तुले काय, तू पेपरवाली. त्याची झोप कुठं आता जागेवर आली. उद्या नोकरी सोडून विमानात बसला तर त्याची बी बातमी करशीन का?"

बाबा उठून बैलांकडे गेले. व्हिडिओ मामाच्या मुलानं काढला आणि आईनं तो आपल्या मोबाइलवरून भावाला पाठवला. भावाचं उत्तर आलं, "छान आहे." त्यानंतरच्या रविवारी त्याचा फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. आई मोबाइल मांडीवर घेऊन बसली होती. मी केलेले फोन त्यानं उचलले नाहीत.

त्याच आठवड्यात कापूस खरेदीच्या बातमीसाठी मला अकोल्याला जावं लागलं. त्या बाईचा पत्ता भावानंच पूर्वी कौतुकानं सांगितला होता. काम आटोपून मी तिथं गेले. कापडाच्या दुकानावरची खोली, एक टेबल, एक संगणक, खिडकीला जाड पडदा. बाई साधारण माझ्याच वयाची, डोक्यावर ओढणी. मी कोण ते सांगितलं.

"बसा. आखातातले आमच्याकडचे लोक मले बाजी म्हणतात, तुमच्याकडचे ताई. अर्थ एकच. चहा घेता?"

मी विचारलं, भाऊ मंगळवारी बोलला का?

"इथं कोण बोलते, कोण नाही, हे मी कोणाले सांगत नाही. त्याच्या माणसाले बी नाही."

"पत्ता त्यानंच दिला मला."

"मंग त्यालेच इचारा ना."

माहिती काढून घेणं हा माझा व्यवसाय होता. मी प्रश्न फिरवून विचारला, मग आणखी एकदा. तिनं चहा पुढे केला. भाऊ कसा आहे हे तिला माहीत होतं आणि मला नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून तेवढंच कळत होतं.

"बातम्यांचं काम म्हणता. खेड्यापाड्यात फिरता?"

"हो."

"या दिवसांत. मंग घरी आल्यावर कोणाजवळ बोलता?"

मी बसची वेळ झाल्याचं सांगितलं. बस सुटायला बराच अवकाश होता. असे प्रश्न भावाला दर मंगळवारी कोणीतरी विचारतं, हे परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत माझ्या डोक्यात होतं.

शनिवारी संध्याकाळी मी कार्यालयात असताना भावाचा फोन आला.

"ताई, आपली बाग हाय ना?"

"जेवला का तू?" मी विचारलं.

 आमच्या घरात या प्रश्नानंतर काय येतं हे त्याला माहीत होतं.

"जेवलो. सांग आता."

मी सांगितलं. केव्हा तोडली, कशानं, लाकूड कोणी नेलं, आता तिथं काय आहे.

"जंबेरी बी?"

"ते बी."

"व्हिडिओत ठिबकच्या नळ्या दिसल्या. आपल्याकडं ठिबक कधी होतं? विहिरीपाशी जंबेरी नव्हती. मी ताईले सांगतलं. ती म्हणे, मले नको सांगू, घरी विचार. मले विचारायचं भेव लागत होतं." मग म्हणाला, "उद्या शेतात जाशीन? मले फाटकापासून चालायचं हाय."

रविवारी दुपारी मी व्हिडिओ कॉल लावून फाटकातून आत गेले. तूर कमरेच्या वर होती, शेंगा धरल्या होत्या. तो सांगत होता, इथून पहिली ओळ, इथं वाकडं झाड, इथं पाण्याचा दांड. विहिरीजवळ म्हणाला, "डावीकडं हो. अजून. हां, इथं." मी तिथं उभी राहिले. मला ती जागा थोडी पुढे वाटत होती. मी तसं बोलले नाही. 

आई फाटकापाशी थांबली होती. मी परत आल्यावर तिनं मोबाइल घेतला आणि तिकडे थंडी किती आहे ते विचारलं. 

नोकरी त्यानं सोडली नाही. त्या रात्री झोप लागली का, ते मी सोमवारी फोन करून विचारलं. तो म्हणाला, थोडी लागली, बाकीचं ताईजवळ बोलतो. मंगळवारची अकोल्याची वेळ त्यानं पाळली.